स्टीलला गंज चढतोय? ग्रेडवर शंका घ्यायच्या आधी या चुका टाळा

मागच्या दिवाळीत कोल्हापूरच्या राजारामपुरीत एक स्टेनलेस स्टीलचं रेलिंग बघायला गेलो, पावसाळ्याच्या तोंडावर बसवलेलं आणि वेल्डिंगच्या जोडापाशी सगळे तांबूस ठिपके, मालक म्हणाले 304 ग्रेडचे पैसे घेऊन स्वस्तातलं 202 घातलंय. ग्रेड ओळखायच्या केमिकलचा थेंब टाकून टेस्ट केली तर माल 304च निघाला. मग लक्षात आलं, ग्राइंडरच्या ज्या डिस्कनं आधी लोखंडी गेट घासलं त्याच डिस्कनं हे रेलिंग घासलेलं, लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुतले आणि आपल्या पावसात तेच गंजले. म्हणून स्टीलला डिस्क आणि तारेचा ब्रश वेगळाच पाहिजे, काम देताना हट्टानं सांगा.

स्टील टिकतं ते क्रोमियममुळं, किमान 10.5 टक्के असलं की वर एक न दिसणारा पातळ थर धरतो, ओरखडा पडला तरी हवा लागून परत धरतो. वेल्डिंगला निळं-काळं पडतं तिथं मात्र तो बिघडतो. ते काळं पिकलिंग पेस्टनं, म्हणजे वेल्डिंगचे डाग काढायच्या ॲसिडच्या पेस्टनं, काढायचं, हातात ग्लोव्हज घालून आणि नंतर भरपूर पाण्यानं धुवून, कारण पेस्ट जहाल असते.

चुंबकावर तर अजिबात जाऊ नका. चिकटलं नाही म्हणजे 304, असं आपल्याकडं सगळे धरून चालतात, पण 202 पण चिकटत नाही, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. उलट चांगलं 304 वाकवलं की बेंडवर थोडं ओढतं. मोठं काम असेल तर तुकडा कापून स्पेक्ट्रो टेस्ट, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणारी टेस्ट, करून घ्या, शिरोली-गोकुळ शिरगावला धातू ओतायच्या फाउंड्र्या आहेत आणि त्यांना ही टेस्ट लागतेच, त्यामुळं आपल्याला ते अवघड नाही, 304 च्या रिपोर्टमध्ये क्रोमियम 18 आणि निकेल 8 च्या आसपास दिसलं पाहिजे.

फरशीचं ॲसिड स्टीलजवळ नकोच, नुसत्या वाफेनं पण डाग पडतात. मीठ, ब्लीच सांडलं तर लगेच धुवा. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेसाठी, मालवणला घर असेल तर घ्या, कोल्हापुरातल्या जिन्याला 304 पुरतं.

आता डाग पडलेच असतील तर साबणपाणी आणि नायलॉनची घासणी घ्या, लोखंडी तारेची नको. डाग गेला आणि बोट गुळगुळीत फिरलं तर वरचाच गंज होता. नखाला बारीक खड्डा लागला तर स्टील आतनं खाल्लं गेलंय, तिथं पॉलिश मारून पैसे घालवू नका, तेवढा तुकडा बदलून घ्या.