सीओपीडी, धाप आणि एबीजी: ग्रामीण रुग्णालयात रुजू होणाऱ्यांसाठी

यवतमाळ-गडचिरोलीकडे सरकारी सेवेच्या बॉण्डवर येणाऱ्या प्रत्येक ज्युनिअरला मी आधी हेच सांगते: पल्स ऑक्सिमीटर ऑक्सिजनचं सांगतो, कार्बन डायऑक्साइडचं काहीही सांगत नाही.

थंडी पडली की धापेचे पेशंट वाढतात. विडीवाले आजोबा असतातच, पण जन्मभर चुलीत पऱ्हाटी जाळलेल्या, विडीला कधी हातही न लावलेल्या आज्यासुद्धा असतात. त्यांना 'जुना दमा' म्हणून मोकळं करू नका; हा सीओपीडी, म्हणजे धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार असू शकतो.

सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ७८ दिसलं की हात ऑक्सिजनच्या फ्लोमीटरकडे जातोच, त्यात घरचे मागे लागतात, "हवा वाढवून द्या ना जी!" ऑक्सिजन द्यायचाच, पण ८८ ते ९२ टक्क्यांवर थांबायचं, कारण जास्त ऑक्सिजनने यांच्यात कार्बन डायऑक्साइड चढतो. २४ किंवा २८ टक्क्यांचा व्हेंच्युरी मास्क (ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा) उत्तम, नसेल तर नाकातल्या नळीने एक-दोन लिटर. टास्मानियात अ‍ॅम्ब्युलन्समधल्या पेशंटवर झालेल्या, २०१० साली छापून आलेल्या चाचणीत असा मोजून ऑक्सिजन दिलेल्यांत मृत्यू स्पष्टपणे कमी होते.

सॅच्युरेशन ९८ आणि आजी घोरताहेत, घरचे खूश, "आता झोप लागली मायले." इथेच सावध व्हा. हलवून जागं करा, मनगटं मागे वाकवून हात पुढे धरायला सांगा. पंजे फडफडले किंवा त्या धड जाग्याच होईनात, तर कार्बन डायऑक्साइड चढला असं धरून चाला. ऑक्सिजन मात्र एकदम काढू नका, सॅच्युरेशन धाडकन पडतं. हळूहळू उतरवा.

एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी. तिची सुई दुखते, ते पेशंटला आधी सांगा. सिरिंजमधलं जादा हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) पूर्ण बाहेर काढा, नाहीतर कार्बन डायऑक्साइड खोटा कमी येतो. बुडबुडे लगेच काढा, मनगट पाच मिनिटं दाबून धरा, सॅम्पल अर्ध्या तासात मशीनवर लागलं पाहिजे. किती ऑक्सिजनवर घेतलं हे चिठ्ठीवर नसेल तर रिपोर्ट अर्धा वाया. शिरेच्या रक्तातच कार्बन डायऑक्साइड ४५च्या (मिमी पारा) आत असेल, तर धमनीत तो वाढलेला नसतो. मग मनगट टोचायची गरज सहसा उरत नाही.

रिपोर्टमध्ये आधी पीएच बघा; तो जितका खाली, तितकं रक्त आम्ल. पीएच ७.३८, कार्बन डायऑक्साइड ५८, बायकार्ब (आम्लाचा तोल सांभाळणारा रक्तातला क्षार) ३३: हा त्यांचा रोजचाच आकडा असू शकतो, किडनीने तोल सांभाळलाय. तोच पेशंट पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड ७४, बायकार्ब ३४ घेऊन आला, तर फुप्फुसं थकली आहेत. नेब्युलायझेशन, स्टिरॉइड आणि नीट मोजून दिलेल्या ऑक्सिजननंतरही पीएच ७.३५च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५च्या वर राहिला, तर बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणारं मशीन) लावा. तासाभरात पुन्हा एबीजी करा.

बहुतेक ठिकाणी एबीजीचं मशीन नसतंच. मग रिपोर्टसाठी अडून बसू नका, गुंगी आणि थकवा दिसला की मेडिकल कॉलेजला रेफर करा. रेफर चिठ्ठीवर सगळ्यात वर, ठळक अक्षरात लिहा: 'टार्गेट ८८ ते ९२', आणि १०८ वरच्या डॉक्टरांना तोंडीही सांगा.