तजेला हवा, तेलकटपणा नको : ल्युमिनस क्रीम लावताना या चुका टाळा

मागच्या लग्नसराईत एका मुलीने बहिणीच्या लग्नातले आपले फोटो मला मोबाईलवर पाठवले. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘ताई, घरी आरशात इतकं छान दिसत होतं, मग हे काय झालं?’ फोटोत तिचं कपाळ, नाक आणि हनुवटी पांढरीफटक चमकत होती. डोळ्यांखालचा आणि गालांचा भाग त्यापुढे मलूल वाटत होता. काय लावलं होतंस, म्हणून विचारलं. चांगल्या कंपनीचं नवंकोरं ल्युमिनस क्रीम तिने मॉइश्चरायझरसारखं सगळ्या चेहऱ्याला चोळलं होतं. क्रीममध्ये दोष नव्हता, रंगही तिला शोभणारा होता. ते कुठे लावायचं आणि कुठे नाही, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पार्लरमध्ये बसून हीच गोष्ट मी रोज कुणाला तरी सांगते. म्हणून या वेळी सविस्तर लिहिते आहे.

आधी या क्रीममध्ये असतं काय ते बघू. ल्युमिनस क्रीम, स्ट्रोब क्रीम, ग्लो बेस अशी नावं अनेक असली तरी आतली वस्तू साधारण एकच असते. साध्या क्रीममध्ये अभ्रकाची अतिशय बारीक पूड मिसळलेली असते आणि त्या पुडीच्या प्रत्येक कणावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवलेला असतो. प्रकाशाचा काही भाग या थराच्या वरून परततो, काही भाग आत शिरून खालून परततो. दोन्ही एकत्र येतात तेव्हा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक दिसते. थर किती जाड आहे त्यावर ती झाक रुपेरी, सोनेरी, गुलाबी की निळसर ते ठरतं. म्हणजे हे क्रीम त्वचेत काही बदल करत नाही, समोरून आलेला प्रकाश फक्त परत पाठवतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

सगळ्या चेहऱ्याला चोळणं

खिडकीजवळ उभ्या राहा आणि काहीही न लावता आरशात बघा. गालाच्या हाडाचा वरचा भाग, भुवईखालचं हाड, नाकाचा दांडा आणि वरच्या ओठाची कमान या जागांवर प्रकाश आपसूक थांबलेला दिसेल. नाकाच्या बाजूंना, डोळ्यांखालच्या खोलीत, जबड्याखाली सावली असते. चेहऱ्याला उठाव येतो तो या उजेड-सावलीमुळे. सगळीकडे क्रीम चोळलं की सावल्या पुसल्या जातात आणि चेहरा सपाट, ओला दिसायला लागतो.

त्यात कपाळाचा मधला भाग, नाक आणि हनुवटी इथे तैलग्रंथी जास्त असतात. मुंबईत किंवा कोकणात सकाळी नऊला लावलेलं क्रीम दुपारी बारापर्यंत घाम आणि तेलात मिसळतं. मग ती चमक तजेल्याची राहत नाही, तव्यावरच्या तेलासारखी होते. तेलकट त्वचा असेल तर कपाळ आणि नाक पूर्ण सोडूनच द्या. फक्त गालाच्या हाडावर लावा, तेही डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानशिलाकडे. नाकाच्या जवळ आणू नका.

दोन्ही गालांना मिळून तूरडाळीच्या एका दाण्याएवढं क्रीम पुरतं. अनामिकेने टेकवत टेकवत बसवायचं, घासायचं नाही. सगळ्या चेहऱ्यालाच हलका तजेला हवा असेल तर वेगळा उपाय आहे. तळहाताच्या मागच्या बाजूला फाउंडेशनचे तीन थेंब आणि क्रीमचा एक थेंब घ्या, एकजीव करा आणि तो बेस पातळ लावा. कोरडी त्वचा असलेल्यांना, विशेषतः विदर्भातल्या उन्हाळ्यात आणि पुण्याच्या थंडीत, हा उपाय फार मानवतो. मात्र त्वचेला साल सुटली असेल तर आधी चार दिवस रात्री नीट मॉइश्चरायझर लावा. सुटलेल्या सालींच्या कडांवर अभ्रक जमतं आणि आधी न दिसणारी सालही दिसायला लागते.

रुपेरी क्रीम सावळ्या चेहऱ्यावर

माझ्या मते सगळ्यात जास्त मनं दुखतात ती इथे. दुकानातल्या गोऱ्या मॉडेलच्या फोटोवर भुलून मुलगी रुपेरी-गुलाबी क्रीम आणते, लावते, चेहऱ्यावर राखेचा हात फिरवल्यासारखं दिसतं आणि तिला वाटतं, आपल्याला हे शोभतच नाही. शोभतं. रंग चुकलेला असतो.

पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचे रंग काळ्या डांबरावर किती ठळक दिसतात ते आठवा. फिकट फरशीवर तेवढे दिसत नाहीत. इथेही तेच होतं. गोऱ्या कातडीवर जी निळसर-गुलाबी झाक जेमतेम जाणवते, ती सावळ्या कातडीवर उठून दिसते आणि मूळच्या रंगापासून वेगळी पडते. म्हणून झाक त्वचेच्या मूळ उबेला जुळणारी हवी. गव्हाळ रंगाला शॅम्पेन किंवा पीच, सावळ्याला सोनेरी किंवा तांबूस, गडद रंगाला ब्राँझ किंवा घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी. ही झाक गडद त्वचेवर जितकी खोल दिसते तितकी गोऱ्या त्वचेवर दिसत नाही. सावळ्या नवरीच्या गालावर तांबूस झाक बसली आणि तिने आरशात बघितलं की तिचा चेहरा बदलतो, तो क्षण मला या कामात सगळ्यात प्रिय आहे.

क्रीम घेताना मनगटावर लावून बघू नका, मनगट चेहऱ्यापेक्षा फिकट असतं. गालाच्या हाडावर टिपका लावा, दुकानाच्या दारात या आणि उजेडात मान वळवून बघा. कण सुटे सुटे दिसत असतील तर ते क्रीम दिवसा वापरण्याचं नव्हे. साधारण पंधरा मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण रेशमासारखी मऊ झाक देतात. पन्नासच्या पुढचे कण चांदण्यांसारखे वेगवेगळे चमकतात, ते संध्याकाळच्या कार्यक्रमाला ठीक.

वळकट्या निघतात तेव्हा

‘ताई, हात लावला की मळ सुटतो तसं निघतं’ ही तक्रार मला दर आठवड्याला ऐकू येते. बहुतेक वेळा कारण असतं घाई. सीरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर (मेकअपआधी त्वचा गुळगुळीत करणारा थर), मग ल्युमिनस क्रीम असे पाच थर पाच मिनिटांत चढवले की खालचा ओला असतानाच वरचा घासला जातो. दोन थरांमध्ये दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, सनस्क्रीननंतर दहा-पंधरा. एखादा थर कमी केलात तर अधिकच चांगलं.

दुसरं कारण असतं जातकुळीचं. प्रायमरमध्ये सिलिकॉन जास्त असेल आणि वरचं क्रीम पाणीदार असेल तर दोघांचं जमत नाही. वेष्टणावर डायमेथिकोन हे नाव यादीत अगदी वर असेल तर ते सिलिकॉनवालं समजा. दोन्ही वस्तूंचा एकेक थेंब हाताच्या मागे एकत्र करा. दूध फाटतं तसं फुटलं तर ती जोडी चेहऱ्यावर नको.

वळकट्या निघायला लागल्याच तर बोटाने घासू नका, आणखी निघतील. स्पंज ओला करून पूर्ण पिळा आणि तेवढाच भाग दाबून उचला. मग फाउंडेशनचा नखाएवढा थर थापटून बसवा.

पावडरीचंही इथेच सांगते. क्रीम आधी आणि पावडर नंतर, हा क्रम उलटला की चेहऱ्यावर चिखल होतो. क्रीमवर पावडरीचा जाड थर दिला तर चमक बुजते, मग क्रीम लावलंच कशाला? पावडर फक्त नाकाच्या बाजूंना, कपाळाच्या मध्यभागी आणि हनुवटीला.

सनस्क्रीनमध्ये मिसळून लावणं

वेळ वाचतो म्हणून अनेकजणी असं करतात. कृपा करून करू नका. सनस्क्रीनवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका थर देऊन मोजलेला असतो. एरवीच आपण त्याहून कमी लावतो. त्यात दुसरं क्रीम मिसळलं की ते आणखी पातळ होतं आणि थर एकसारखा बसत नाही. आधी सनस्क्रीन, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग क्रीम टिपक्यांनी. क्रीमच्या ट्यूबवर एसपीएफ लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका, कारण ते तुम्ही तूरडाळीएवढंच लावणार आहात.

मुरुमांवर आणि खड्ड्यांवर चमक

प्रकाश परतवणारी वस्तू उंचवट्याला आणखी उंच दाखवते, खड्ड्याला आणखी खोल. गालावर मुरुम किंवा त्यांचे खड्डे असतील तर तिथे काहीही चमकदार नको, मॅट बेस ठेवा. वर, कानशिलाजवळ त्वचा सहसा गुळगुळीत असते, तिथे चमक आणा. वांगाच्या डागांवर आधी कन्सीलर, आणि क्रीम डागाच्या हद्दीबाहेर. लावल्यावर खाज किंवा आग होत असेल तर घटकांच्या यादीत बिस्मथ ऑक्सिक्लोराइड आहे का ते बघा. मोत्यासारख्या झाकेसाठी तेही वापरतात आणि काहींना ते सोसत नाही.

हळदीनंतरची नवरी

आपल्या लग्नांमध्ये एक अडचण येते, ती परदेशी व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. आदल्या दिवशी हळद लागलेली असते आणि मुहूर्ताच्या दिवशीही चेहऱ्यावर, विशेषतः कानाजवळ आणि केसांच्या कडेला, तिचा पिवळेपणा उरतो. त्यावर सोनेरी क्रीम लावलं तर नवरी आजारी दिसते. अशा वेळी एरवी सोनेरी शोभणाऱ्या मुलीलाही मी पीच किंवा गुलाबट झाक देते. हळद काढायला चेहरा खरवडून घासू नका. तेल लावून मऊ कापडाने हळूच पुसा आणि उरलेलं राहू द्या. हळदीच्या आगेमागे ब्लीच किंवा पील करून घेणं तर टाळाच. लालसर झालेल्या कातडीवर कुठलंच क्रीम चांगलं दिसत नाही.

मुंडावळ्यांचा विचारही आधीच करायला हवा. त्यांच्या मोत्यांच्या सरी नेमक्या गालाच्या हाडावर घासतात आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिथलं क्रीम पुसलेलं असतं. सर जिथे टेकते त्या रेषेवर मी क्रीम अगदी पातळ लावते आणि वर त्याच रंगाच्या हायलायटर पावडरीचा एक हात देते, मग ते टिकतं. नथीच्या आसपास मात्र काहीच नाही. नथीचे मोती स्वतःच प्रकाश परतवतात, शेजारी नाक चमकलं की मोती हरवतात.

मांडवातला उजेड आणि घरातला उजेड एक नसतो, हे त्या फोटोवाल्या मुलीच्या बाबतीत झालं. तिने बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली मेकअप केला होता, आणि फोटो फ्लॅशचे. मेकअप झाल्यावर खोलीतला दिवा मालवा आणि हातभर अंतरावरून मोबाईलच्या फ्लॅशने समोरून एक फोटो काढा. कपाळावर किंवा नाकावर पांढरा धब्बा दिसला तर तिथून क्रीम टिपून घ्यायचं. एवढ्याने तिचे फोटो वाचले असते.

‘ग्लो’ लिहिलंय म्हणून घेणं

२०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, आणि आता बाजारात ‘ग्लो’ हा शब्द गोरेपणाच्या क्रीमवरही असतो आणि मेकअपच्या क्रीमवरही. दोन्हींची गल्लत करू नका. खऱ्या ल्युमिनस क्रीमच्या घटकांत अभ्रक म्हणजे मायका, किंवा त्याचा सीआय ७७०१९ आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा सीआय ७७८९१ हे आकडे दिसतील. कृत्रिम अभ्रक असेल तर फ्लोरफ्लोगोपाइट हे नाव असेल. मी शक्यतो तेच घेते. झारखंडच्या कोडरमा भागातल्या अभ्रकाच्या खाणींमध्ये लहान मुलं राबतात हे वाचल्यापासून नैसर्गिक अभ्रकाची ट्यूब हातात घेताना ती आठवतात.

मात्र सुट्या डबीत विकलेलं, कंपनीचा पत्ता आणि बॅच नंबर नसलेलं ‘ग्लो क्रीम’ कुणी मैत्रिणीनेही दिलं तरी लावू नका. अशा डब्यांमध्ये स्टेरॉइड किंवा पारा सापडलेला आहे. आठवड्यात चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, बारीक लव वाढते. बंद केलं की आग होते, म्हणून बाई पुन्हा लावते. पारा मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेल्या पाऱ्यालाही दहा लाखांत एक भाग इतकीच मुभा आहे. असं काही महिनोन् महिने वापरत असाल तर लाजू नका, मनाने उपचारही करू नका. ती डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

ऐनवेळी बिघडलं तर

गाडी दारात उभी आहे आणि चेहरा चकाकतोय? सगळं धुऊ नका. टिपकागद किंवा साध्या टिश्यूचा एक पदर घ्या, कपाळावर आणि नाकावर दाबा, उचला, घडी बदलून पुन्हा दाबा. तेल निघतं, मेकअप राहतो. घामावर थेट पावडर टाकू नका, आधी टिपून मगच. गालावर क्रीम जास्त झालं असेल तर स्पंजला उरलेलं फाउंडेशन असतंच, तोच स्पंज वरून थापटा, चमक खाली जाते. राखाडी दिसत असेल तर वर पीच किंवा विटकरी रंगाची लाली बोटाने टेकवा, राख बरीचशी झाकते. आणि उलट, चेहरा कोरडा, पिठूळ दिसत असेल तर पाण्याचा फवारा स्पंजावर मारा आणि तो गालांवर दाबा. मंडपात शिरण्याआधी थेट चेहऱ्यावर फवारा नको, ओल्या गालाला अक्षता चिकटतात आणि त्यांचं कुंकू उतरतं.