लेखक-चित्रकारांची मुलाखत घेताय? या चुका टाळा

"तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" माझ्या पहिल्या मुलाखतीतला हा माझा पहिला प्रश्न. समोरच्या कादंबरीकार बाईंनी माणसं, निसर्ग, वाचन असं काहीबाही सांगितलं आणि चहाचा कप उचलला. नंतर त्यांच्या जुन्या मुलाखती चाळल्या, तर तेच उत्तर जवळपास त्याच शब्दांत आणखी चार ठिकाणी छापलेलं! त्यांना दोष कसा द्यायचा? चारही जणांनी तोच प्रश्न विचारला होता. मी पाचवा.

सगळ्यात मोठी चूक हीच. माणसाबद्दल गोल गोल विचारायचं आणि काम बाजूला ठेवायचं. ही चूक टाळायला हुशारी लागत नाही, तयारी लागते. 1962च्या ऑगस्टमध्ये फ्रान्स्वा त्रुफो हा फ्रेंच दिग्दर्शक रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकसमोर बसला, तेव्हा त्याच्याकडे 500च्या आसपास प्रश्न होते आणि तेही फक्त कामाबद्दल. मूकपटांपासून सुरुवात करून एकेक चित्रपट क्रमाने. दोघांची भाषा वेगळी, मध्ये दुभाषी हेलन स्कॉट, तरी गप्पा आठवडाभर चालल्या. त्या गप्पांचं पुस्तक 1966 मध्ये आलं. आपल्याकडे एवढा वेळ नसतो हे मान्य. पण ज्यांची मुलाखत घ्यायची त्यांचं निदान एक पुस्तक शेवटपर्यंत वाचायला काय हरकत आहे? मलपृष्ठ वाचून गेलेला माणूस दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

एका चित्रकाराकडे गेलो होतो. प्रदर्शनाच्या विषयावर विचारलं, तर त्यांनी माहितीपत्रकातलीच वाक्यं म्हणून दाखवली. मुलाखत तिथेच बसणार असं वाटत होतं. तेवढ्यात भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासकडे लक्ष गेलं. उजव्या कोपऱ्यात रंग सुरीने खरवडलेला होता आणि खालून गेरूसारखा जुना थर डोकावत होता. "इथे आधी काय होतं?" मी विचारलं. ते उठले, जवळ गेले, त्या जागेवरून नख फिरवलं. "खिडकी. तीन आठवडे होती. मग लक्षात आलं, सगळं चित्र तिच्यातून बाहेर निघून जातंय." पुढची वीस मिनिटं मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

म्हणून कुणी ठरावीक उत्तरं द्यायला लागलं, की डोळे वापरा. खोडलेली ओळ, बदललेलं शीर्षक, अर्धवट सोडलेलं शिल्प, खर्ड्यात असलेलं आणि पुस्तकातून गायब झालेलं पात्र, यातलं काहीही चालेल. 'का' विचारण्यापेक्षा 'आधी काय होतं' किंवा 'हे कधी बदललं' असं विचारलेलं बरं. 'का' विचारलं की माणूस स्वतःची बाजू मांडू लागतो.

दुसरी चूक उपप्रश्न न विचारण्याची. हातातल्या यादीत पुढचा प्रश्न शोधताना समोरचं उत्तर निसटून जातं. 1958मध्ये 'पॅरिस रिव्ह्यू' या साहित्यिक नियतकालिकात आलेल्या मुलाखतीत त्याचा संपादक जॉर्ज प्लिम्प्टनने अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेला विचारलं, पुनर्लेखन किती करता? उत्तर आलं, 'अ फेअरवेल टू आर्म्स' या कादंबरीचं शेवटचं पान 39 वेळा लिहिलं. आपल्यापैकी अनेकांनी इथे "वा!" म्हणून पान उलटलं असतं. प्लिम्प्टनने विचारलं की अडचण नेमकी काय होती? तेव्हा कुठे उत्तर आलं, की शब्द नेमके बसवायचे होते. ही छोटी देवाणघेवाण लोकांना आजही आठवते. यादी न्यावी, पण खिशात ठेवावी.

एकाच दमात तीन प्रश्न विचारू नका. "लिखाण कधी सुरू केलं, घरचा पाठिंबा होता का, आणि आता काय चाललंय?" यावर माणूस सगळ्यात सोप्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि बाकीचे दोन वाया जातात. प्रश्नात आपलं वाचन मिरवणं हाही तसलाच प्रकार. प्रश्न उत्तरापेक्षा लांब झाला, तर कुठेतरी गडबड आहे.

शांततेला घाबरणं ही नवख्यांची हमखास चूक, आणि माझ्याकडून अजूनही होते. कवी थांबला की आपण घाईने वाक्य पुरं करून देतो. तो सभ्यपणे "हो, तसंच काहीसं" म्हणतो आणि त्याला खरं जे म्हणायचं होतं ते तिथेच मरतं. मनात दहापर्यंत आकडे मोजा. उलट कुणी थांबतच नसेल, तर त्यांचाच एखादा शब्द उचला: "मघाशी तुम्ही 'कंटाळा' म्हणालात, त्याबद्दल सांगा ना." आपलं कुणीतरी ऐकतंय हे कळलं की बोलणारा आपोआप वाटेवर येतो.

आता यंत्रांचं. एकदा फोनवर रेकॉर्डिंग सुरू असताना कॉल आला, रेकॉर्डिंग बंद पडलं आणि मला ते कळलं चाळीस मिनिटांनी. तेव्हापासून फोन विमान मोडवर, शेजारी दुसरं यंत्र, आणि जागा बदलली की अर्ध्या मिनिटाची चाचणी. पंखा डोक्यावर असेल तर खुर्ची हलवा. तरीही वही हवीच, कारण खिडकीबद्दल बोलताना नख कुठे फिरलं हे रेकॉर्डरला दिसत नाही. आणि असा घात झालाच, तर लगेच बाहेर बसून आठवेल ते लिहून काढा. नेमके शब्द आठवत नसतील तर ते अवतरणात घालू नका. सरळ फोन करून पुन्हा विचारा. थोडी लाज वाटते, पण चालतं.

शब्दांकन करताना दोन टोकं टाळावीत. प्रत्येक "म्हणजे" आणि "तर" ठेवला तर वाचक पळतो. सगळं प्रमाणभाषेत घासूनपुसून काढलं तर शिल्पकार, कवयित्री, नाटककार सगळे एकाच आवाजात बोलू लागतात. क्रम बदलणं हा गुन्हा नाही. कलासमीक्षक डेव्हिड सिल्व्हेस्टरने चित्रकार फ्रान्सिस बेकनबरोबरच्या संवादांत वेगवेगळ्या बैठकींतले तुकडे एकत्र जोडले आणि तसं उघड सांगितलं. पण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवणं ही लबाडीच.

मसुदा दाखवायचा की नाही, हे भेटण्याआधीच ठरवून घ्या. मी दाखवतो, पण तपशील तपासायला. नावं, साल, तंत्राचे शब्द. धातूच्या पत्र्यावरून चित्रं छापणाऱ्या एका मुद्रणचित्रकार बाईंनी माझ्या मसुद्यात 'कोरलं'च्या जागी 'आम्लाने खाल्लं' असं केलं होतं. सगळा परिच्छेद मला पुन्हा लिहावा लागला, कारण पत्र्यावरच्या रेषा आम्लाने उमटवल्या होत्या आणि तोवर मी त्यांच्या हातात कोरणी, म्हणजे चुकीचं हत्यार दिलं होतं.

आणि रेकॉर्डर बंद केल्यावर लगेच उठू नका. दाराशी, चपला घालताना, अनेकजण तासभर टाळलेली गोष्ट बोलून जातात. ती छापायची असेल तर तिथेच विचारा, "हे घेऊ का?" नाही म्हणाले तर वही पिशवीतच राहू द्या.