सेलेकॉक्सिब कॉक्स-२ वरच चालले का, हे पेशींवर कसे तपासावे

मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींना सेलेकॉक्सिब (कॉक्स-२ हे विकर अडवणारे वेदनाशामक) दिले की एकेटी या पेशी जगवणाऱ्या प्रथिनाचे फॉस्फोरिलेशन, म्हणजे त्याला फॉस्फेट जोडून चालना मिळणे, घटते. पण त्याची कारणे दोन असू शकतात. एक म्हणजे कॉक्स-२ अडल्याने त्यातून बनणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे संदेशवाहक द्रव्य कमी होते आणि ते टिपणाऱ्या ईपी-४ ग्राहीकडून एकेटीकडे जाणारा संदेश मंदावतो. दुसरे, मात्रा वाढली की हेच औषध पीडीके-१ ला (एकेटीला चालना देणारे विकर) थेट रोखते. तिथे कॉक्सचा संबंधच नाही. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) दोन्ही सारखेच दिसते.

एचटी-२९ (कॉक्स-२ बनवते) आणि एचसीटी-११६ (जवळपास बनवत नाही) अशा दोन्ही पेशी घ्या. सहा विहिरींच्या प्लेटमध्ये दर विहिरीत ३ लाख पेशी टाकून रात्रभर चिकटू द्या. औषध डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवा. अंतिम प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर नको, आणि नियंत्रण विहिरीतही तितकेच डीएमएसओ हवे.

मात्रा १, ५, २५ आणि ५० मायक्रोमोलर ठेवा. २०० मिलिग्रॅमच्या गोळीनंतर रक्तातली कमाल पातळी साधारण २ मायक्रोमोलर असते, त्यातलेही सुमारे ९७ टक्के प्रथिनांना चिकटलेले. ५० वर दिसलेला परिणाम रुग्णावर लावणे म्हणूनच धाडसाचे. सीरमचे प्रमाण मध्येच बदललेत तर मोकळे औषध बदलते आणि मात्रांची तुलना मोडते.

खरा निर्णय इथे होतो: प्रत्येक मात्रेच्या जोडीला एक विहीर औषध अधिक १ मायक्रोमोलर प्रोस्टाग्लँडिन ई-२ अशी ठेवा. औषध २४ तास, प्रोस्टाग्लँडिन मात्र शेवटची १५ ते ३० मिनिटेच. हा संदेश लवकर विझतो.

पेशी बर्फावर फोडा, द्रावणात फॉस्फेटेज-रोधक विसरू नका. २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन चढवा. ब्लॉकिंगला (पटलावरच्या मोकळ्या जागा झाकायला) ५ टक्के बीएसए, म्हणजे गाईच्या सीरममधले अल्ब्युमिन, वापरा. दुधातले केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन असल्याने पार्श्वभूमी वाढू शकते. सेरीन-४७३ या जागेवरचे फॉस्फो-एकेटी एकूण एकेटीशी ताडूनच मोजा. माध्यमातले प्रोस्टाग्लँडिन एलायझाने (प्रतिपिंडांवर आधारित मोजणी) मोजायला औषधाच्याच विहिरी घ्या, प्रोस्टाग्लँडिन वरून घातलेल्या नकोत.

प्रोस्टाग्लँडिन घातल्यावर फॉस्फो-एकेटी नियंत्रणाइतके परतले, तर कॉक्सचा मार्ग धरा. परतले नाही, किंवा एचसीटी-११६ मध्येही तितकेच घटले, तर परिणाम कॉक्सबाहेरचा. एचसीटी-११६ मध्ये बीटा-कॅटेनिन या पेशीवाढीच्या प्रथिनाच्या जनुकाच्या एका प्रतीत सेरीन-४५ गळालेले असल्याने तिथल्या बीटा-कॅटेनिनच्या पट्टीवरून निष्कर्ष काढू नका.