एमडीएससी आणि नॉन-कोडिंग आरएनए: बाणांचा कागद कसा काढायचा

खानापूर, निपाणीकडची मराठी शाळेतून आलेली पोरं बीएस्सीला बेळगावच्या टिळकवाडीत माझ्याकडे शिकवणीला येतात. कर्करोगावरचा शोधनिबंध हातात पडला की पहिल्याच परिच्छेदात अडतात. मी आधी पेन्सिल घ्यायला लावते.

कागदाच्या उजव्या टोकाला एमडीएससी (मायलॉइड-डिराइव्ह्ड सप्रेसर सेल्स) लिहा. या अस्थिमज्जेतून आलेल्या अपक्व पेशी कर्करोगाच्या गाठीभोवती जमून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना हल्ला करू देत नाहीत. डावीकडे नॉन-कोडिंग आरएनए, म्हणजे ज्यावरून प्रथिन बनत नाही असा. सुमारे 22 न्यूक्लिओटाइडचा (आरएनएच्या साखळीतली एकेक कडी) असेल तर मायक्रोआरएनए, 200 च्या वर गेला तर लांब नॉन-कोडिंग.

खरी मेहनत मधल्या जागेत आहे. मायक्रोआरएनए सहसा दुसऱ्या जनुकाचा संदेश दाबतो. म्हणून 'दाबतो' याला टोकाशी आडवी रेघ, 'वाढवतो' याला बाण. उंदरांच्या मज्जापेशींत एमआयआर-21 (एमआयआर म्हणजे मायक्रोआरएनए) पीटेन या जनुकाला दाबतो, एमआयआर-155 शिप-1 ला. पीटेन आणि शिप-1 हे स्टॅट-3 या प्रथिनाला दाबणारे लगाम; ते सैल झाले की स्टॅट-3 सक्रिय होतो आणि एमडीएससी वाढतात. आडव्या रेघा बोट ठेवून मोजा: एकाच वाटेवर दोन आल्या तर शेवटी वाढच होते. एमआयआर-223 मात्र एमईएफ2सी या जनुकाला दाबून या पेशी कमी करतो, तेव्हा सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

प्रयोग उंदरावर की रुग्णाच्या रक्तावर, हे कोपऱ्यात लिहाच. घरात कुणी आजारी असलं की पोरं उंदरातला निष्कर्ष औषध समजून आईला सांगतात, आणि ते मला फार लागतं.

टी-रेग, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशी, यांच्यासाठी वेगळा कागद घ्या.