कयाक उलटली तर: आधी नाथसागर, मग समुद्र

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, तेव्हा कयाक (वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी) उलटल्यावर सावरायचं कसं ते तारकर्लीला गेल्यावरच शिकू, असं आमच्याकडचे कयाकवाले म्हणतात. माझं म्हणणं उलटं आहे. पैठणला शिका आणि जमलेलं घेऊन कोकणात जा. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, सुमारे ५५ किलोमीटर लांब पसरलाय. दुपारी वारं सुटलं की आखूड, उभ्या लाटा येतात, सरावाला एकदम झकास. फक्त हे पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं वन विभागाला विचारूनच उतरा. रोहित पक्षी बसतात त्या उथळ काठाकडं फिरकू नका, मासेमारांच्या जाळ्यांपासूनही लांब राहा.

पहिला धडा छातीभर पाण्यात, शेजारी माणूस उभा करून. कयाक उलटली की पुढं वाका, स्प्रे स्कर्टची (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालून कॉकपिटवर, म्हणजे बसायच्या खाचेवर, ताणून बसवायच्या कापडाची) पुढची पट्टी पकडून पुढं आणि वर ओढा, मग दोन्ही हात कमरेजवळ कॉकपिटच्या काठावर टेकवून स्वतःला बाहेर ढकला. पट्टी स्कर्टखाली दबलेली नाही ना, हे निघतानाच बघायचं. बाहेर आल्यावर कयाक सोडायची नाही, वल्हंही नाही. रिकामी कयाक वाऱ्यावर कशी पळते ते बघाल तर पोहण्याचा गर्व उतरेल.

आता पॅडल फ्लोट, म्हणजे वल्ह्याच्या पात्यावर चढवायची फुगवायची पिशवी, तिच्या आधारानं परत कयाकमध्ये चढायचं. लोकांना एस्किमो रोल, म्हणजे आत बसल्या बसल्याच उलटलेली कयाक सरळ करणं, शिकायची घाई असते, कारण तो फोटोत छान दिसतो. थकलेल्या माणसाला आधी फ्लोटच यायला पाहिजे. कयाक उलटीच ठेवा, एक पाय कॉकपिटमध्ये अडकवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. फ्लोट वल्ह्याच्या पात्यावर चढवून तोंडानं फुगवा आणि बांधा. मग कड उचलून कयाक झटक्यात सरळ करा. हळू केली तर जास्त पाणी भरतं. वल्हं कॉकपिटच्या मागच्या कडेवर आडवं ठेवा, फ्लोटचं टोक पाण्यात. एकाच हातानं कड आणि दांडा दोन्ही धरा.

इथं बहुतेक जण हातांनी वर चढायला जातात, आणि दमतात. पाय जोरात मारून आधी आडवे व्हा, मगच छाती मागच्या डेकवर, म्हणजे कयाकच्या वरच्या पाठीवर, सरकवा. तोंड मागच्या टोकाकडं. एक पाय दांड्यावर टाका, मग पाय एकेक करून कॉकपिटमध्ये, पोटावरच. सरळ बसायला वळताना भार फ्लोटच्या बाजूलाच. दुसऱ्या बाजूला कललात की परत पाण्यात. बसल्यावर फ्लोट काढायची घाई नको. आधी पंपानं पाणी काढा, स्कर्ट लावा. कयाकमध्ये पुढं-मागं बंद कप्पे नसतील तर हवेच्या पिशव्या घाला, नाहीतर कितीही पंप मारा, ती रिकामी व्हायची नाही.

काठावर ताजेतवाने असताना जमणं ठीक आहे. तासभर वल्हवून हात भरून आल्यावर, वाऱ्यात करून बघा. लाइफ जॅकेट अंगात, फ्लोट आणि पंप हाताशी डेकवर अडकवलेले.

समुद्रात दोन गोष्टी बदलतात. फुटणाऱ्या लाटांमध्ये कयाक आणि किनारा यांच्यामध्ये कधी उभं राहू नका. पाण्यानं भरलेली कयाक लाटेसोबत आली की पाय मोडू शकते. दुसरं म्हणजे वारा. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडं वाहतो, तेव्हा उलटलात तर किनाऱ्यापासून लांब समुद्रात ओढले जाल. म्हणून तिथला सराव खारं वारं, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडं येणारं वारं, सुरू झाल्यावर, जोडीदार घेऊन, पाणी शांत असलेल्या खाडीत करा. आणि ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाजवळ नको.