ट्रान्सफर केस वाटेत गेली, तर जुनी फोर-बाय-फोर घरी कशी आणायची

ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी, रस्त्याच्या कडेला दुरुस्त होत नाही. अपवाद आहेत, पण थोडे. तिथे काम वेगळं असतं: पुढची आणि मागची यांपैकी कुठली बाजू मेली, कुठली अजून चालते ते ओळखायचं, मेलेली बाजू सोडवायची आणि उरलेल्या बाजूवर घर गाठायचं. गिअर, साखळी, बेअरिंग यांचं पुढचं पुढे.

आधी खात्री करा की गेली आहे ती ट्रान्सफरच. पार्ट-टाइम फोर-व्हील गाडीत (जी एरवी फक्त मागच्या चाकांवर चालते) ट्रान्सफरची लिव्हर अडकली की लोक घाबरतात. पण कडक रस्त्यावर फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) चालवल्यावर लिव्हर अडकणं हा बहुतेकदा बिघाड नसतोच. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, टायर घसरत नाहीत आणि तो फरक पीळ होऊन शाफ्टांत साठतो. त्या दाबाखाली स्लायडिंग गिअर सुटत नाही. स्टिअरिंग सरळ ठेवून पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या आणि त्याच वेळी लिव्हर हलक्या हाताने ओढा. तरीही सुटली नाही, तर बाकीच्या चाकांना दगड लावून एक चाक जॅकवर उचला. पीळ सुटताना ते चाक झटक्यात फिरतं, म्हणून हात लांब ठेवा.

गाडी जागची हलत नसेल तर स्पीडोमीटर बघा. केबलवाल्या जुन्या गाड्यांत त्याचा ड्राइव्ह सहसा ट्रान्सफरच्या मागच्या आउटपुटवरून घेतलेला असतो. क्लच सोडल्यावर काटा हलतो पण गाडी हलत नाही, याचा अर्थ ट्रान्सफरपर्यंत सगळं ठीक आहे. मग दोष हाफ शाफ्टात (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतची दांडी), डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांत जोर वाटणारा गिअरचा संच) किंवा तुटलेल्या क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाचा सांधा) शोधा. काटाही मेलेला असेल तर दोष ट्रान्सफरमध्ये किंवा तिच्या आधी, गिअरबॉक्सात वा क्लचमध्ये. (केबल तुटलेली नाही ना, हे आधी बघा.)

इंजिन बंद करून खाली शिरा आणि कुणाला तरी लिव्हर हलवायला सांगा. लिव्हर हलते, पण ट्रान्सफरवरचा आर्म हलत नाही? मग दांडीच्या टोकाचा नायलॉनचा बुश गळून पडला आहे. लांबच्या प्रवासात हे वरचेवर होतं, आणि भीतीच्या मानाने खर्च काहीच नाही. आर्म हाताने टू-हायला (फक्त मागची चाकं) ढकला. पिनवर फ्युएल पाइपचा बोटभर तुकडा चढवा, दांडी बसवा, बाहेरून वॉशर आणि बांधायची तार. असं बांधलेलं लिंकेज घरापर्यंत सहज टिकतं.

आता तेल. भरायचा प्लग आधी उघडा, ड्रेनचा नंतर. तेल काढून टाकलं आणि भरायचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर चालती गाडी तुम्हीच बंद पाडलीत. भोकातून करंगळी घाला. पातळी साधारण भोकाच्या खालच्या कडेला हवी. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मलम असणं साहजिक आहे. सुईसारखे रोलर, दाताचा तुकडा किंवा नखाला टोचणारी चमकदार कपची निघाली तर आत काहीतरी तुटलंय. पिवळसर पितळी कण बहुधा थ्रस्ट वॉशरचे (गिअर आडवा सरकू न देणाऱ्या चकत्यांचे) असतात: झीज आहे, पण हळू चाललात तर घर गाठता येतं. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तापलेली केस नदीच्या गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या वाटेतून) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. काढा, भरा, पंधरा-वीस किलोमीटर चाला, पुन्हा काढा.

ट्रान्सफर कोरडी आहे, पण गिअरबॉक्स उघडल्यावर तेल भसाभसा बाहेर आलं, असंही होतं. जुन्या लँड क्रूझरमध्ये आणि विलीज जीपच्या घराण्यात दोघांमधलं सील गेलं की एकीकडचं तेल दुसरीकडे जातं. गळती कुठेच दिसत नाही आणि ट्रान्सफर मात्र बोंबलते. म्हणून दोन्हीकडच्या पातळ्या एकाच वेळी बघायच्या.

योग्य तेल मिळत नसेल तर हे लक्षात ठेवा: गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांचे आकडे वेगवेगळ्या मोजपट्टीवरचे आहेत. ९० नंबरच्या गिअर ऑइलचा दाटपणा ४० किंवा ५० नंबरच्या इंजिन ऑइलच्या जवळपास असतो. म्हणून गिअरवाल्या केसमध्ये २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल घालून घर गाठता येतं. जीपमधल्या एनपी २३१ सारख्या साखळीवाल्या केसमध्ये ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागतं. तिथे जाड तेल ओतू नका, पंपाला ते ओढणं जड जातं.

आता मूळ काम. साखळीवाली केस फक्त फोर-हायमध्ये जोर दिल्यावर ‘खाड, खाड’ उड्या मारत असेल तर साखळी ताणली आहे. टू-हायला घ्या आणि आवाज गेला तर निवांत निघा. पुढच्या आउटपुटचं बेअरिंग वाजत असेल तर हब (पुढची चाकं हाफ शाफ्टला जोडणारी-सोडणारी कुलपं) मोकळे करा. मोकळे होणारे हब नसतील तर पुढचा प्रॉपेलर शाफ्टच (ट्रान्सफरपासून डिफरन्शियलपर्यंतची फिरती दांडी) काढा.

मागचा शाफ्ट, त्याचा क्रॉस किंवा मागचं डिफरन्शियल गेलं असेल तर उलटं: मागचा शाफ्ट काढा, हब लॉक करा, फोर-हाय लावा आणि पुढच्या चाकांवर चला. मागच्या डिफरन्शियलचाच चुरा झाला असेल तर शाफ्ट काढून भागत नाही, हाफ शाफ्टही ओढून काढावे लागतात. (चाक हाफ शाफ्टवरच बसलेलं असेल तर मात्र तसं करता येत नाही.) वेग ५०च्या आत ठेवा. पुढचे जॉइंट एवढं ओझं रोज वाहायला बनवलेले नसतात, त्यामुळे स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर देऊ नका.

पर्मनंट फोर-व्हील गाडीत (जिची चारही चाकं कायम चालतात), उदाहरणार्थ एलटी २३० ट्रान्सफर असलेल्या लँड रोव्हरमध्ये, एक शाफ्ट काढला की पुढच्या-मागच्या शाफ्टांत जोर वाटणारं सेंटर डिफरन्शियल सगळा जोर त्या मोकळ्या टोकाकडे सोडतं आणि गाडी हलत नाही. डिफ लॉक (ते डिफरन्शियल जाम करणारं कुलूप) लावावाच लागतो. लिव्हरने लागत नसेल तर केसवरचा आर्म हाताने ढकला. वर्षानुवर्षं न वापरलेला डिफ लॉक गंजून बसलेला असतो, आणि हे नेमकं अशा वेळी कळतं.

शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर) आणि सरकत्या जोडावर ओरखडा मारून खूण करा. चुकीच्या दातावर बसला तर गाडी थरथरते. लँड रोव्हरच्या नटांना ९/१६ इंचाचा पाना लागतो, जुन्या टोयोटाला बहुधा १४ मिलिमीटरचा. चुकीच्या पान्याने कोपरे गोल झाले की पुढचा तास छिन्नीचा. विलीजसारख्या यू-बोल्टवाल्या योकमध्ये (क्रॉस धरणाऱ्या बेचक्यात) क्रॉस सुटला की लगेच दोन्ही कॅप टेपने गुंडाळा. त्यातल्या सुया धुळीत पडल्या तर सापडणार नाहीत.

सरकत्या योकवाल्या केसमध्ये शाफ्ट बाहेर ओढला की मागे उघडं भोक राहतं आणि तेल वाहून जातं. प्लॅस्टिकच्या बाटलीचं बूड टेल हाउसिंगवर बाहेरून चढवून जुबिली क्लिपने आवळा. आत फिरणाऱ्या शाफ्टला ते घासता कामा नये.

आणि हँडब्रेक! विलीज आणि लँड रोव्हरमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफरच्या मागच्या आउटपुटवर असतो, चाकांवर नाही. मागचा शाफ्ट काढला की मागची चाकं मोकळी. फोर-हाय आणि हब, किंवा डिफ लॉक लागलेला असेल तर हँडब्रेक निदान पुढची चाकं धरतो. दोन्ही शाफ्ट काढले तर तो काहीच धरत नाही, गिअरमध्ये ठेवूनही गाडी उतारावरून सुटते. म्हणून पहिला नट सैल करण्याआधी चारही चाकांना दगड.

रस्त्यावर उघडावी अशी एक जागा आहे: विलीजची ट्रान्सफर, स्पायसर १८. मागचं पीटीओचं (बाहेरचं यंत्र चालवायला जोर काढून घ्यायच्या जागेचं) झाकण काढलं की गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टवरचा खाचांचा मोठा नट दिसतो. ड्राइव्ह गिअर त्यानेच धरलेला असतो. स्प्लिट पिन तुटून तो सैल झाला की गिअर डुगडुगतो आणि शाफ्टवरच्या खाचा (स्प्लाइन) खातो. गाडी गिअरमध्ये ठेवा, फोर-लो (चारही चाकं, कमी वेगाचा गिअर) लावा, हब लॉक करा, कुणाला तरी ब्रेक दाबून बसवा, आणि लांब दांड्याने नट आवळा. खाच भोकासमोर येत नसेल तर आणखी आवळायचं, मागे फिरवायचं नाही. नवी पिन घाला. मधल्या शाफ्टच्या सुया आणि थ्रस्ट वॉशर गेले असतील तर मात्र तिथे हात घालू नका. भाग मागवताना शाफ्टचा व्यास सांगा: सुरुवातीच्या गाड्यांत ३/४ इंच, नंतर १ १/८, त्यानंतर १ १/४. एकाचे भाग दुसऱ्याला बसत नाहीत.

दोन्ही बाजू गेल्या असतील तर दोन्ही शाफ्ट काढून ओढत न्या. इंजिन चालू होत असेल तर चालू ठेवा, म्हणजे ब्रेकचा बूस्टर काम करतो. अर्ध्या बाजूवर स्वतः चालवत असाल तर पहिल्या २० किलोमीटरवर थांबून उरलेल्या शाफ्टचे नट पुन्हा आवळा आणि केसवर पाण्याचा थेंब टाका. चुरचुरून उडाला तर केस शंभर अंशांच्या वर आहे. ती गार होईपर्यंत थांबा, पातळी पुन्हा बघा आणि पुढचा टप्पा कमी वेगाने घ्या.